कागद यंत्रात आहे, पण सापडेल काय?

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक परिपत्रक लागले. कार्यालयातील सर्व दप्तर टप्प्याटप्प्याने संगणकावर नेण्यात येणार असून येत्या जूनपासून कामास प्रारंभ होईल, जुनी रजिस्टरे स्कॅन करण्यासाठी बाहेरील कंत्राटदाराची माणसे येतील, तरी विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी सहकार्य करावे, असा त्याचा मथितार्थ होता. शेजारीच स्नेहसंमेलनाच्या वर्गणीची सूचना होती. गर्दी अर्थातच त्या सूचनेपुढे होती.

परिपत्रक वाचून आमच्या कट्ट्यावर जी चर्चा झाली ती दोन मिनिटांत आटोपली. एकाने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण बोनाफाइड दाखल्यासाठी खिडकीपुढे उभे राहणे संपेल. दुसरा म्हणाला, हे संगणकवाल्यांचे काम, आपण कलाशाखेवाल्यांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय? सर्वांनी माना डोलावल्या आणि विषय चहाकडे वळला. मी मात्र त्या दिवशी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे, कारण मागच्या उन्हाळ्यात मी नेमके हेच काम केले आहे, आणि ते करताना माझ्या हातून एका माणसाचे नुकसान होता होता राहिले.

गोष्ट अशी. मे महिन्याच्या सुट्टीत चार पैसे मिळावेत म्हणून मी एका कंत्राटदाराकडे रोजंदारीवर लागलो. एका तालुक्याच्या गावी एका कचेरीतील जुने अभिलेख स्कॅन करण्याचे काम त्याने घेतले होते. आम्ही सहाजण होतो. कचेरीच्या मागच्या बाजूला अंधारी खोली, तिच्यात छतापर्यंत लाकडी मांडण्या, आणि मांडण्यांवर गावोगावचे रुमाल. ज्यांनी रुमाल म्हणजे खिशातला एवढेच ऐकले असेल त्यांच्यासाठी सांगतो, की दप्तरातला रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा ज्यात बांधतात ते जाड कापड. प्रत्येक गावाचा वेगळा रुमाल, आणि रुमाल सोडला की सर्वांत वर आत काय काय आहे त्याची यादी. आमचे काम सोपे होते. गाठ सोडायची, टाचण्या काढायच्या, पान सरळ करायचे, यंत्राखाली ठेवायचे, बटण दाबायचे. पैसे पानावर मिळत, त्यामुळे वाचत बसणे परवडणारे नव्हते. इतिहासाचा विद्यार्थी असूनही मी वाचले नाही, हे कबूल करतो. हात चालत राहिला आणि डोळे मिटत राहिले.

प्रत्येक कागदासाठी संगणकाच्या पडद्यावर तीन रकाने भरावे लागत: गाव, वर्ष आणि विषय. विषयाच्या रकान्यात एक यादी उघडे. वारस, वाटणी, खरेदी, बक्षीस, कर्जबोजा, आणि सर्वांत शेवटी ‘इतर’. पहिल्या दिवशी आम्ही प्रामाणिकपणे विषय शोधू लागलो. संध्याकाळी पाने मोजली तेव्हा पर्यवेक्षक रागावला. कळत नसेल तर ‘इतर’ टाका आणि पुढे चला, असा त्याचा आदेश. काही जुन्या रुमालांत मोडीतले कागद निघाले, ते तर वाचताच येत नव्हते, ते सगळे ‘इतर’. तिसऱ्या दिवसापासून जवळजवळ सर्वच ‘इतर’ होऊ लागले. रुमालाच्या वरची ती यादीसुद्धा आम्ही एक पान म्हणून स्कॅन केली, आणि तिचाही विषय ‘इतर’ असा भरला! स्कॅन झालेले कागद पुन्हा रुमालात न बांधता खोक्यांत भरून खोक्यांना क्रमांक घातले, कारण रुमाल जुने झाले होते आणि खोकी नवी कोरी होती.

त्या कचेरीत अभिलेख सांभाळणारे एक वयस्क कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. आमचे काम चालू असता ते दाराशी खुर्ची टाकून बसत. एकदोनदा त्यांनी “अरे, ती यादी आधी वाचा रे” असे म्हटले, पण त्यांचा आम्हांवर अधिकार नव्हता. आमचा मालक कंत्राटदार, आणि कंत्राटदाराचा करार पानांच्या संख्येवर. करारात भाऊसाहेबांचा कुठे उल्लेखच नव्हता.

काम संपत आले त्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले. पंचाहत्तरी ओलांडलेली, डोक्याला पांढरे पागोटे. भावकीत जमिनीचा वाद लागला होता, आणि वडिलांच्या वेळी झालेल्या वाटणीच्या जबाबाची नक्कल प्रांतांपुढे दाखवायची होती. साल विचारले तर म्हणाले, “ज्या साली पानशेत फुटलं, त्या दिवाळीत आमची वाटणी झाली.” म्हणजे १९६१. भाऊसाहेब नेहमीच्या सवयीने उठले, खिडकीखालच्या मांडणीकडे गेले आणि तसेच परत आले. तिथे रुमाल नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी संगणकावर गावाचे नाव घातले, निमगाव, साल घातले, विषय वाटणी. पडद्यावर आले, की एकही नोंद नाही.

“पोरा, कागद जळाला का?”

“नाही आजोबा, आहे. मशीनमध्ये आहे.”

“मग काढ की.”

मला तो काढता आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आजोबा एसटीने दोनदा हेलपाटा घालून गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ‘इतर’ या सदराखालची पाने एकामागून एक उघडू लागलो. चौथ्या दिवशी दुपारी कागद सापडला. गावाच्या रकान्यात लिहिले होते ‘निंबगांव’. ते टंकलेखन माझेच होते. मूळ कागदावर जुन्या वळणाने अनुस्वार देऊन जसे लिहिले होते तसेच मी उतरवले होते, आणि मूळ पाठाशी इमान राखल्याचे मनातल्या मनात कौतुकही करून घेतले होते. माझ्या सोबत्यांनी त्याच गावाला कुठे ‘निमगाव’, कुठे ‘निमगांव’ आणि एके ठिकाणी ‘लिमगाव’ केले होते. यंत्राच्या दृष्टीने ही चार गावे झाली.

नक्कल हाती पडली तेव्हा प्रांतांकडची तारीख दोन दिवसांपूर्वी होऊन गेली होती. पुढची तारीख मिळाली, म्हणून निभावले. आजोबा मला काही बोलले नाहीत. नक्कल हातात घेऊन एवढेच म्हणाले, “वाच.” मी वाचली. वडिलांचे नाव आले तिथे त्यांनी मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला लावले. नंतर भाऊसाहेब जे बोलले ते मात्र माझ्या कायमचे लक्षात राहिले. ते म्हणाले, “पूर्वी याला दहा मिनिटं लागायची. रुमाल सोडायचा, यादीवर बोट ठेवायचं, कागद काढायचा. तुम्ही कागद वाचवला खरा, पण त्याचा पत्ता हरवला.”

यंत्राविरुद्ध तक्रार करण्यासाठी मी हे सांगत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. आपल्याकडे अशा लेखांत पुढच्या वळणावर यंत्रयुगाला चार शिव्या देऊन जुन्या काळाची आरती ओवाळण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. कागद जळतो, भिजतो, वाळवी खाते, आणि कधीकधी कोणाच्या तरी सोयीसाठी नाहीसाही होतो. २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांवर पसरली. पाच माणसे प्राणास मुकली, आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती अशा असंख्य नस्त्या राख झाल्या. त्या नस्त्यांत कोणाची पेन्शन होती, कोणाची बदली होती, कोणाच्या जमिनीचे अपील होते. सरकारी कागद संगणकात हवेत ही गोष्ट महाराष्ट्राला त्या दिवशी जेवढी पटली तेवढी पूर्वीच्या शंभर परिपत्रकांनी पटली नसेल. पुण्याने १२ जुलै १९६१ चा पूर पाहिला, मुंबईने २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिला, सांगली-कोल्हापूरने २०१९ चा ऑगस्ट पाहिला. तळमजल्यावरच्या दप्तराचे अशा वेळी काय होते ते कोणत्याही नगरपालिकेच्या कारकुनास विचारावे. तेव्हा कागद यंत्रात जावा की नाही, हा वाद आता उरलेला नाही. तो कसा जावा, आणि कोणाच्या हातून जावा, हा आहे.

दस्तऐवजांची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था म्हणजे कागदांची छायाचित्रे काढून ठेवणे, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक छायाचित्र हा त्यातला सर्वांत सोपा भाग. खरे काम त्याच्या आधी आणि नंतर असते. कागद आला कोठून, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रकरणाचा, त्याच्या आधीचा कागद कोणता, नंतरचा कोणता, तो कोणी पाहावा, कोणी बदलावा, किती वर्षे ठेवावा, या सर्वांची नोंद कागदाबरोबर बांधलेली असावी लागते. संगणकाच्या परिभाषेत तिला मेटाडेटा म्हणतात. मी तिला कागदाची जन्मपत्रिका म्हणेन. आपल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कागदाच्या बरोबरीचे स्थान दिले, पण ते देताना सातव्या कलमात अटी घातल्या. असा अभिलेख पुढे केव्हाही संदर्भासाठी उपलब्ध झाला पाहिजे, आणि तो कोठून आला, कोठे गेला, कोणत्या दिवशी व वेळी गेला वा मिळाला, हे ओळखता आले पाहिजे. आमच्या ‘इतर’ सदरात पडलेले ढीग या कसोटीला कसे उतरणार?

जिथे ही व्यवस्था विचारपूर्वक बसवली आहे तिथे ती काय करू शकते तेही पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी कचेऱ्यांसाठी ‘ई-ऑफिस’ नावाची प्रणाली तयार केली. तिच्या पडद्यावर टिपणीचा कागद हिरवा असतो, कारण सरकारी टिपणी हिरव्या कागदावर लिहिण्याची वहिवाट होती. कच्च्या टिपणीसाठी पिवळा कागद आहे. पिवळ्यावरचे खोडता येते, टाकून देता येते. पण हिरव्यावर लिहून नस्ती एकदा पुढे पाठवली, की मागाहून त्यात हात घालता येत नाही. नस्ती कोणाच्या मेजावर किती दिवस पडून आहे ते दिसते. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ आणि ‘फाईल वर गेली आहे’ ही दोन सनातन उत्तरे त्यामुळे अडचणीत येतात. ज्याने ही प्रणाली आखली त्याने आधी कारकुनाच्या शेजारी बसून बारनिशी कशी चालते, आवक-जावक कशी होते, टिपणी कशी वर चढते हे पाहिले असले पाहिजे. हिरवा रंग ही शोभा नाही, ती जुन्या शिस्तीची ओळख आहे. आमच्या कंत्राटदाराने भाऊसाहेबांच्या शेजारी अर्धा तास जरी घालवला असता तरी त्या आजोबांचे हेलपाटे वाचले असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी वाटू नये. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तर आपल्यापैकी काहीजणांनी सहलीत पाहिले आहे. १८९१ साली बांधलेल्या त्या इमारतीत कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. पेशवाईत हुजूर दप्तराचे चालते दप्तर आणि एलबेरीज असे मोठे विभाग होते, आणि हिशेब ताळ्यावर ठेवणारे कारकून होते. नाना फडणीसांच्या काळापर्यंत हे दप्तर नीट राखलेले होते, पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी कारकुनांची आस्थापना मोडली आणि दप्तराची वाताहत झाली, असे राज्य घेतल्यानंतर इंग्रज अधिकाऱ्यांना आढळले. कागद तेच होते, कागद ठेवणारी माणसे काढली गेली होती. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. त्यासाठी मोडी वाचणारी माणसे रुमालावर रुमाल उघडून बसली होती. निवडणे, वाचणे, साल ठरवणे, शीर्षक देणे: हे सारे काम, यंत्र एकही नसता, त्यांनी केले.

जवळचे उदाहरण हवे असेल तर अहमदनगरचे घ्या. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतील दप्तर, बसण्याची व्यवस्था आणि कामाची वाटणी मुळापासून बदलली. निरुपयोगी कागद नियमाप्रमाणे काढून टाकले, उरलेले हाताशी येतील असे लावले. महाराष्ट्राच्या प्रशासनात ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. त्या वेळी कारकुनाच्या मेजावर संगणक नव्हता. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण त्या कामाची आठवण जुन्या महसूल कर्मचाऱ्यांकडे अजून निघते. आधी आवरायचे आणि मग यंत्र आणायचे, हा क्रम आपण उलटा केला आहे. पसारा तसाच उचलून यंत्रात भरला तर यंत्रात पसाराच राहतो, आणि तो दिसत नाही म्हणून आपल्याला आवरल्यासारखे वाटते. सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी असते. काही कायम ठेवायचे, काही तीस वर्षे, काही दहा, काही वर्षभर. आम्ही मात्र सत्कार समारंभाच्या चहापाण्याचे व्हाउचर आणि वारसनोंदीचा जबाब सारख्याच भक्तिभावाने स्कॅन केला. पानाला दर एकच होता.

आता आमच्या शाखेच्या प्रांताकडे येतो. मराठी विभागातील गुरुजनांनी ऱ्हस्वदीर्घावरून आमचे गुण कापले तेव्हा आम्ही त्यांना मनातून किती दूषणे दिली ते सांगवत नाही. या नोकरीने मला त्यांची क्षमा मागायला लावली. दीक्षित आणि दिक्षित, कुलकर्णी आणि कुळकर्णी, सूर्यवंशी आणि सुर्यवंशी, माणसाला ही एकच वाटतात. साधा शोध घेणारा संगणक अक्षराला अक्षर लावून पाहतो. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि नांव, गांव, कांहीं यांवरचे अनुस्वार गेले. म्हणजे त्या सालाच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद वेगवेगळ्या लेखनात आहेत. ज्याला हे माहीत आहे तो दोन्ही रूपे एकमेकांना जोडून ठेवील. ज्याला माहीत नाही तो माझ्यासारखा ‘निंबगांव’ लिहून मोकळा होईल. बाळकृष्ण, बाळू आणि बाळाजी एकच की तीन, लक्ष्मीबाई भ्रतार अमुक हीच पुढच्या कागदातली माहेरच्या नावाची बाई की कसे, हे प्रश्न यंत्राचे नाहीत. ते भाषेचे आहेत, समाजाच्या रीतिरिवाजांचे आहेत. आम्ही तीन वर्षे शिकतो ते हेच ना?

आणि हा प्रश्न केवळ जुन्या कागदांपुरता नाही. १९९० च्या सुमारास मराठी संगणकावर आली तेव्हा प्रत्येक कंपनीचा टंक निराळा होता आणि प्रत्येकाची आतली अक्षरांची मांडणी निराळी. युनिकोड रूढ होईपर्यंत कचेऱ्यांनी, छापखान्यांनी आणि महाविद्यालयांनीही त्याच टंकांत वर्षानुवर्षे मजकूर टाइप केला. आज तो टंक यंत्रात नसेल तर तीच फाइल उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भाजीबाजार दिसतो. आमच्या याच वार्षिकाच्या काही जुन्या अंकांची संगणकीय प्रत संपादक मंडळाने यंदा उघडली, तेव्हा संपादकीयाच्या जागी असा बाजार भरलेला होता. छापील अंक ग्रंथालयात होता म्हणून ते संपादकीय वाचता आले. मोडी वाचता येत नाही म्हणून आपण हळहळतो. इथे तीस वर्षांपूर्वीची बाळबोध आपल्याला वाचता येत नाही. मोडीचे म्हणाल तर २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कचेऱ्यांना एकाएकी मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी शिरत नाही. पण जी लिपी आपण परीक्षेपुरतीही शिकत नाही तिच्या एका ओळीवर हजारो घरांचे दाखले अडू शकतात, हे सर्वांनी पाहिले.

कोणी म्हणेल, चुका काय, मागाहून दुरुस्त होतील. सातबाऱ्याचा अनुभव पाहावा. महाराष्ट्रातील हस्तलिखित सातबारे संगणकावर आणताना अनेक चुका शिरल्या. कुठे क्षेत्र चुकले, कुठे नाव गळले. त्या शोधण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातून काढलेला सातबारा गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचायचा आणि ज्याची चूक निघेल त्याने उठून सांगायचे. मला ही कल्पना फार आवडते. एवढे सारे तंत्रज्ञान झाल्यावर शेवटी खरेखोटे ठरवायला चावडी, वाचणारा आणि ऐकणारे गाव लागलेच. पण जो त्या दिवशी मजुरीसाठी परगावी होता, जी बाई माहेरी होती, त्यांच्या नोंदीतला लेखनप्रमाद दुरुस्त करायला पुढे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. लिहिणाऱ्याची दहा सेकंदांची चूक, आणि ती निस्तरायला दुसऱ्याचे महिने. जमीनमहसूल संहितेत लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी १५५ वे कलम आहे ही चांगली गोष्ट आहे. ते वापरण्याची पाळी कोणावर आणू नये ही त्याहून चांगली.

आता आमच्या महाविद्यालयाविषयी. आमच्या कार्यालयात स्थापनेपासूनची जनरल रजिस्टरे आहेत. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि आधीची शाळा लिहिलेली आहे. दर महिन्याला कोणी ना कोणी त्यातला उतारा मागायला येतो. कोणाला जातपडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी असते, कोणाला निवृत्तिवेतनासाठी जन्मतारीख. हा कागद आमच्या दृष्टीने धुळीचा. मागणाऱ्याच्या दृष्टीने त्याच्यावर घर अवलंबून. जूनमध्ये जी माणसे येतील ती माझ्यासारखीच असतील, सुट्टीतली, पानावर पैसे मिळणारी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यायचा तर तो पानावर दर लावणाऱ्या कराराला द्यावा.

म्हणून प्राचार्य महोदयांना आणि कार्यालयाला माझी काही मागणी आहे. कंत्राटात पानांच्या संख्येबरोबर शोधाची परीक्षा घालावी: दर आठवड्याला कोणतीही पन्नास नावे काढावीत, ती यंत्रात सापडतात का पाहावे, आणि न सापडल्यास बिल थांबवावे. विषयाच्या यादीतून ‘इतर’ हा शब्दच काढून टाकावा. ज्याला कळत नसेल त्याने ‘वाचता आले नाही’ असे लिहावे, म्हणजे निदान ते पुन्हा कोणीतरी पाहील. रजिस्टराचा जुना क्रमांक आणि पान क्रमांक नव्या नोंदीत राहिलाच पाहिजे. नावाचे लेखन मूळात आहे तसे एका रकान्यात आणि आजच्या प्रमाण रूपात दुसऱ्या रकान्यात असावे. स्कॅन झाले म्हणून मूळ रजिस्टरे रद्दीत जाऊ नयेत. ही रजिस्टरे सर्वांना खुली नसावीत हेही सांगितले पाहिजे. कोणाची जात आणि जन्मतारीख कोणी पाहिली याची नोंद यंत्र ठेवू शकते, ती ठेवावी. आणि सर्वांत आधी, कार्यालयातील ज्या बाई गेली अनेक वर्षे ही रजिस्टरे काढून देत आहेत त्यांना या कामाच्या समितीत घ्यावे, आणि दाराशी खुर्ची टाकून बसवू नये. त्या येत्या वर्षअखेर निवृत्त होत आहेत. कोणत्या वर्षीचे रजिस्टर दोन भागांत आहे, कोणत्या वर्षी क्रमांक दोनदा पडले, हे त्यांच्याखेरीज कोणास ठाऊक नाही. मी त्यांना विचारले, तर म्हणाल्या, “अरे, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही.”

आमच्या वर्गातील आठजणांनी एक महिना या कामासाठी देण्याचे कबूल केले आहे. इतिहासाचे चार, मराठीचे तीन, आणि अर्थशास्त्राचा एक, जो म्हणतो की मला अक्षर लागत नाही पण मी चहा आणीन. मोडीचा प्राथमिक वर्ग एप्रिलमध्ये दुपारी भरवण्यास विभागप्रमुखांनी तोंडी होकार दिला आहे, लेखी यावयाचा आहे. प्राध्यापकांपैकी कोणी आठवड्यातून दोन तास नावांची तपासणी करून देतील तर बरे होईल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपले नाव ग्रंथालयाच्या काउंटरवरील वहीत लिहावे. ऱ्हस्वदीर्घ सांभाळून.